एमसीबी मोठा केला, वायर मात्र तीच

मातीची भांडी भाजायची विजेची भट्टी घरी आली तेव्हाच मी विक्रेत्याच्या माणसाला विचारलं होतं, "वेगळी लाइन टाकावी लागेल ना?" तो म्हणाला, "मॅडम, या पॉइंटवर गीझर चालतो ना? मग भट्टीही चालेल." एमसीबी सारखा पडायला लागला, तर त्याने १६ अँपिअरचा काढून ३२चा बसवला आणि पैसे घेऊन गेला.

पहिली कच्ची भाजणी, म्हणजे बिस्क, सहाशे अंशांच्या पुढे गेली आणि ड्राय बाल्कनीतून जळका वास आला. मातीतला काडीकचरा जळतानाचा वास मला माहीत आहे; हा प्लास्टिकचा होता. प्लगची कड तपकिरी पडली होती, पिनांच्या मुळाशी प्लास्टिक फुगलं होतं. मी धावत जाऊन मेन स्विच पाडला. तो नवा एमसीबी मात्र जागचा हललाही नव्हता!

आमच्या वायरमनने भट्टीमागची पट्टी वाचून दाखवली : २३० व्होल्ट, ६ किलोवॅट. म्हणजे २६ अँपिअर, तेही तासन्‌तास. दोन किलोवॅटचा गीझर नऊसुद्धा घेत नाही आणि पाणी तापलं की बंद होतो. एमसीबी असतो वायर वाचवायला. वायर तीच ठेवून तो मोठा केला, तर आधी वायरच जळणार. विक्रेत्याला फोन केला, तर उत्तर काय? "तुम्ही जास्त वेळ चालवली असेल." अहो, भट्टी आठ-दहा तास चालवायचीच वस्तू आहे! माफी नाहीच, प्लगचे पैसेही नाहीत.

एवढ्या भट्टीला मीटरपासून स्वतंत्र लाइन हवी : ६ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर, तिचा स्वतःचा एमसीबी, आरसीसीबी, तपासलेलं अर्थिंग. प्लग नकोच, आयसोलेटर बसवा. वीजबिलावरचा मंजूर भार आधी बघा. भिंतीपासून दीड फूट अंतर ठेवा. खिडकी उघडी हवी. भाजताना निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, म्हणून त्या खोलीत कुणी झोपू नये. भांडं गालाला लावून बघा, गार लागलं तर आत ओल आहे; तसंच भाजलं तर फुटेल. कंट्रोलरवर विसंबून बाहेर जाऊ नका, रिले चिकटला तर भट्टी तापतच राहते. मुलांना लांब ठेवा, हे सांगायला नकोच.

आणि जोडणी करणाऱ्याकडून वायरची जाडी, एमसीबीचा आकडा बिलावर सहीनिशी लिहून घ्या. तो लिहून द्यायला तयार नसेल, तर पैसे देऊ नका.