आपला तो बाब्या!

रात्री जेवणं आटोपल्यावर आपल्या होस्टेलमधल्या कुठल्याही रूममध्ये डोकवा, दोन पक्ष हमखास भेटतील. एक आयफोनवाला, एक अँड्रॉइडवाला. त्यांचं मिटलं की इंटेल की एएमडी, आणि ते मिटलं की प्लेस्टेशन की एक्सबॉक्स! मेसच्या भाजीवरूनसुद्धा इतका वाद होत नाही. गंमत म्हणजे वाद घालणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी समोरच्याची वस्तू आठ दिवससुद्धा वापरलेली नसते, पण मत मात्र एकदम पक्कं! हे असं का होतं, याचा थोडा अभ्यास केला, तो इथे मांडते. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, तेव्हा मराठीत इंग्रजी शब्दांची खिचडी झाली तर सर-मॅडमनी सांभाळून घ्यावं.

डबा उघडून पाहिला तर

आपण इंजिनिअरिंगवाले, म्हणून आधी डबा उघडू. २०१३ साली सोनीचं प्लेस्टेशन-४ आणि मायक्रोसॉफ्टचं एक्सबॉक्स वन बाजारात आलं. दोन्हींचा मुख्य प्रोसेसर एएमडीचा. २०२० मध्ये प्लेस्टेशन-५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स आले. पुन्हा दोन्हींत एएमडीच, आणि प्रोसेसरचे कोअरसुद्धा झेन-२ या एकाच घराण्यातले. म्हणजे दोन्हीकडचे फॅन एकमेकांची उणीदुणी काढत बसतात, आणि दोन्हीकडे माल विकून एएमडी निवांत! २०१७ च्या आयफोन टेनचा स्क्रीन तर सॅमसंगने बनवला होता. 'सॅमसंगपेक्षा माझा स्क्रीन भारी' असं तेव्हा कुणी म्हणालं असेल, तर ते सॅमसंगचंच कौतुक झालं.

मग काय, फरकच नाही? तसं नाही. चिप तीच असली तरी कूलिंग, सॉफ्टवेअर, कॅमेऱ्याचं ट्यूनिंग, बॅटरी, सर्व्हिस यात फरक पडतो. शिवाय एका कन्सोलसाठी विकत घेतलेले गेम दुसऱ्या कंपनीच्या कन्सोलवर चालत नाहीत. त्यामुळे कुणी म्हणालं, 'माझे वीस गेम याच्यावर आहेत, म्हणून मी हाच घेणार,' तर तो साधा व्यवहार झाला. त्याला मी पूर्वग्रह म्हणणार नाही. पूर्वग्रह तेव्हा, जेव्हा नाव आधी ठरतं आणि कारणं मागून गोळा केली जातात.

मन असं का वागतं

१९५६ साली जॅक ब्रेम नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्याने काही महिलांना टोस्टर, रेडिओ अशा घरगुती वस्तूंना मार्क द्यायला सांगितले. मग त्यांतल्या दोन वस्तू समोर ठेवून एक भेट म्हणून निवडायला सांगितली. निवड झाल्यावर पुन्हा मार्क द्यायला लावले, तर निवडलेल्या वस्तूचे मार्क वाढले आणि सोडलेल्या वस्तूचे घटले! वस्तू त्याच होत्या, बदललं होतं ते फक्त मन. आपण बरोबर निवडलं, हे मनाला स्वतःला पटवून द्यायचं असतं.

दुसरा प्रयोग १९७० च्या आसपासचा, इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचा. हेन्री ताजफेल यांनी शाळेतल्या मुलांचे दोन गट केले. मुलांना सांगितलं, की क्ली आणि कँडिन्स्की या दोन चित्रकारांपैकी तुम्हाला कुणाची चित्रं आवडली यावरून हे गट पाडले आहेत. खरं तर गट कसेही पाडलेले होते. तरी पैसे वाटायची वेळ आली तेव्हा मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. आपल्याला थोडं कमी मिळालं तरी चालेल, पण समोरच्यापेक्षा जास्त पाहिजे, असाही त्यांचा कल दिसला. आता आपल्या विंगा आठवा!

आपल्या बाबतीत यात आणखी एक गोष्ट मिसळते, ती म्हणजे घरून आलेला पैसा. चार वर्षांत लॅपटॉप एकदाच मिळणार असतो. तो फसला असं म्हणणं म्हणजे वडिलांचे पैसे वाया गेले असं म्हणणं. म्हणून मला वाटतं, ज्याला वस्तू बदलणं परवडत नाही तोच तिच्यासाठी सगळ्यात मोठ्या आवाजात भांडतो. त्याला हसण्याआधी एवढं लक्षात घ्यावं.

आमच्या तीर्थपुरीचा ब्रँड

हे फक्त शहरी पोरांचं खूळ आहे, असं समजू नका. माझं गाव तीर्थपुरी, तालुका घनसावंगी. आमच्याकडे मृग जवळ आला की कृषी केंद्रावर गर्दी होते आणि एकच वाक्य ऐकू येतं, "दुसरं नगं, तेच पाकीट द्या!" कपाशीच्या बियाण्याचे आमच्याकडे फोनसारखेच पक्ष आहेत.

आमचा जिल्हा तर बियाण्यांचंच माहेरघर. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको सुरू केली. मार्च २००२ मध्ये केंद्र सरकारने देशात बीटी कपाशीला परवानगी दिली, तेव्हाचे पहिले तिन्ही वाण महिकोचेच होते. पुढे तेच तंत्रज्ञान परवाना घेऊन अनेक कंपन्यांनी आपापल्या वाणात वापरलं. २००६ मध्ये दोन जनुकांचं बीटी-२ आलं आणि तेही असंच पसरलं. म्हणजे पाकिटं वेगवेगळी, नावं वेगवेगळी, पण बोंडअळीविरुद्धचं हत्यार आतून एकच. कन्सोल आणि एएमडीचीच गोष्ट! २०१६ मध्ये केंद्राने बीटी-२ च्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाची कमाल किंमत ८०० रुपये ठरवली, तीही कंपनी कोणतीही असो, सारखीच. तरीही ठरावीक नावाची ओढ सुटत नाही. मे २०२४ मध्ये अकोल्यात शेतकरी ठरावीक वाणासाठी भर उन्हात रांगेत उभे होते.

इथेही न्याय दोन्हीकडून करायला हवा. वाणावाणात फरक असतो. बोंडाचा आकार, पिकाचा कालावधी, पाण्याचा ताण सोसण्याची ताकद हे सारखं नसतं. पण ज्या वाणाने काळ्या भारी जमिनीत पैसे दिले, तो मुरमाड जमिनीत देईलच असं नाही. आणि २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रात थैमान घातलं, तेव्हा तिने पाकिटावरचं नाव वाचलं नाही. बीटी-२ च्या दोन्ही जनुकांना ती सरावली होती, मग कंपनी कोणती का असेना.

फोन चुकला तर वर्षभर कुरकुर करून वापरता येतो. पेरणी चुकली तर अख्खा खरीप जातो.

मग निवडायचं कसं?

याचं उत्तर मला आमच्या काकांच्या शेतात सापडलं. त्यांचं नेहमीचं बियाणं ठरलेलं आहे, पण दरवर्षी त्याच रानात ते चार तास दुसऱ्या वाणाचे लावतात. खत तेच, पाणी तेच, फवारणी तीच. वेचणीला त्या चार तासांचा कापूस वेगळा मोजतात आणि नेहमीच्या चार तासांशी ताडून पाहतात. काका दहावी शिकलेले. पण आपण लॅबमध्ये ज्याला कंट्रोल म्हणतो, तो हाच!

आपणही हे करू शकतो. एक, दुकानात जाण्याआधी आपल्याला काय हवं ते कागदावर लिहा, कंपनीचं नाव न लिहिता. दोन, जमेल तिथे नाव झाकून तुलना करा. दोन फोननी एकाच जागी काढलेले फोटो मित्राला दाखवा, पण कुठला कशाचा ते सांगू नका. तीन, आपल्या आवडत्या वस्तूचे तीन दोष सांगता येतात का ते पाहा. येत नसतील, तर आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं झालंय असं समजा.

पुढच्या वर्षी फर्स्ट इयरचा एखादा मुलगा घरच्यांनी कापूस विकून दिलेले चाळीस हजार घेऊन आपल्याकडे सल्ला मागायला येईल. त्याला 'आमच्या विंगमध्ये सगळ्यांकडे हाच आहे' असं उत्तर देऊ नका. त्याला विचारा, तू यावर काय चालवणार? रॅम पुढे वाढवता येते का? तुझ्या गावाजवळ सर्व्हिस सेंटर कुठे आहे? नाव त्यानंतर सांगा. पैसे त्याचे आहेत, आणि आपला पक्ष जिंकावा म्हणून ते आलेले नाहीत.