अपस्मारावरील औषधे आणि त्वचेची तीव्र प्रतिक्रिया

अपस्मार, म्हणजेच आकडी अथवा फिट येण्याच्या विकारावरील औषधांनी असंख्य रुग्णांना पुन्हा शाळेत, शेतात, कामावर उभे केले आहे. तथापि त्यांपैकी फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटोन व लॅमोट्रिजिन ही औषधे क्वचित प्रसंगी त्वचेवर प्राणघातक प्रतिक्रिया घडवितात, ही जाण अद्याप घरोघरी पोचलेली नाही. कार्बामाझेपिन चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या वेदनेवरही दिले जाते. तेव्हा फिट न येणाऱ्यांनीही हे वाचावे.

स्टीव्हन्स व जॉन्सन या अमेरिकी डॉक्टरांनी १९२२ मध्ये दोन मुलांमधील ताप, अंगभर पुरळ, तोंडातील व्रण व डोळ्यांचा तीव्र दाह यांचे वर्णन केले. शरीराच्या १० टक्क्यांहून कमी भागावरील त्वचा सुटल्यास त्या विकाराला त्यांचे नाव दिले जाते. हेच प्रमाण ३० टक्क्यांवर गेले की त्यास 'टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस' म्हणतात. त्यात सुमारे तिघांपैकी एक रुग्ण दगावतो. अशा रुग्णाची शुश्रूषा भाजलेल्या रुग्णाप्रमाणेच करावी लागते. वाचलेल्यांपैकी अनेकांच्या डोळ्यांना कायमची इजा राहते, म्हणून नेत्रतज्ज्ञ पहिल्या दिवसापासून हवेत.

धोका प्रामुख्याने औषध सुरू केल्यापासून पहिल्या दोन महिन्यांत असतो. पुरळासोबत ताप, तोंडात फोड, डोळ्यांची लाली, त्वचेला वेदना, चेहऱ्यावर सूज किंवा कावीळ यांपैकी काहीही दिसल्यास 'उष्णता झाली' म्हणून घरी थांबू नये. येथेच खरा पेच आहे. औषध चालू ठेवले तर त्वचा जाते. घरच्या घरी बंद केले तर लागोपाठ झटके येऊन जीव धोक्यात येतो. म्हणून त्याच दिवशी, पुढील मात्रा घेण्यापूर्वी, रुग्णालय गाठावे. तेथे संशयित औषध तात्काळ थांबवून लेव्हेटिरासिटॅमसारखे निराळ्या रचनेचे औषध देता येते. कार्बामाझेपिनऐवजी फेनिटॉइन देणे मात्र टाळावे, कारण दोहोंची रासायनिक ठेवण मिळतीजुळती आहे.

ही प्रतिक्रिया एखाद्यालाच का होते? तैवानच्या संशोधकांनी २००४ मध्ये दाखविले की, कार्बामाझेपिनमुळे स्टीव्हन्स-जॉन्सन झालेल्या त्यांच्या सर्व ४४ रुग्णांत 'एचएलए-बी १५०२' हा जनुकप्रकार होता. पुढे तेथेच ४,८७७ जणांची पूर्वतपासणी करून, हा प्रकार आढळलेल्यांना ते औषध दिले नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांपैकी एकालाही हा विकार झाला नाही. भारतात २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या छोट्या अभ्यासात आठपैकी सहा रुग्णांत तोच प्रकार आढळला. मात्र तपासणीत तो नसला तरी धोका शून्य होत नाही. लक्ष ठेवावेच लागते.

एकदा प्रतिक्रिया आलेल्या रुग्णाने औषधाचे मूळ नाव लिहिलेली चिठ्ठी सदैव जवळ बाळगावी. केवळ कंपनीचे नाव पुरत नाही, कारण तेच औषध दुकानात अनेक नावांनी मिळते. भावंडांनीही आपल्या डॉक्टरांना याची कल्पना द्यावी.