‘आउटकास्ट’ : एका जोडशब्दाची वंशावळ

इंग्रजीत ‘आउटकास्ट’ या उच्चाराचे दोन जोडशब्द आहेत. देवनागरीत ते एकसारखे दिसतात. रोमन लिपीत मात्र दुसऱ्याच्या शेवटी ‘ई’ हे अक्षर अधिक असते. त्या एका अक्षरामागे दोन वेगळी कुळे आहेत.

पहिला शब्द मध्ययुगीन इंग्रजीपासूनचा. त्यातील ‘कास्ट’ म्हणजे फेकणे. हे क्रियापद प्राचीन नॉर्स भाषेतील ‘कास्टा’पासून आले. अर्थ सरळ आहे : बाहेर फेकलेला.

दुसरा शब्द एकोणिसाव्या शतकातला; त्याचे बीज मात्र आपल्या किनाऱ्यावर रुजले. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतले, पुढे वसईही घेतली. येथील जातींना त्यांनी आपल्या भाषेतील ‘कास्ता’ हा शब्द लावला. त्याचा अर्थ वंश, कूळ. तोच इंग्रजीत ‘कास्ट’ झाला आणि त्यामागे ‘आउट’ लागून ‘जातीबाहेरचा’ असा अर्थ सिद्ध झाला.

हा भेद केवळ व्याकरणाचा नाही. ‘फेकलेला’ म्हटले की फेकणारा कोण, हा प्रश्न उभा राहतो. ‘जातीबाहेरचा’ म्हटले की ती जणू जन्मजात स्थिती ठरते आणि करणारा नजरेआड होतो.

आपला ‘बहिष्कृत’ हा शब्दही जोडशब्दच. ‘बहिस्’ म्हणजे बाहेर, ‘कृत’ म्हणजे केलेला. येथे कर्ता अध्याहृत असला तरी लपत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२४ मध्ये ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’ स्थापिली आणि १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ पत्र काढले. २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे सुरू झालेल्या सत्याग्रहाने दार बंद करणाऱ्यांनाच जाब विचारला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. ज्यांना बाहेर काढले होते, त्यांनी आता स्वतःहून बाहेर पडण्याचा निर्धार केला.

सुत्तनिपातातील ‘वसल सुत्ता’त भगवान बुद्धांनी अग्गिक भारद्वाजाला समजावले, की वसल म्हणजे नीच मनुष्य जन्माने नव्हे, तर कर्माने ठरतो. इंग्रजी अनुवादकांनी ‘वसल’साठी ‘आउटकास्ट’ हाच शब्द योजला आहे. तो वाचताना विद्यार्थ्यांनी शेवटचे अक्षर अवश्य पाहावे. जन्माचा दाखला देणारे ‘ई’ तेथे असेल, तर बुद्धवचनाचा अर्थच उलटण्याचा धोका आहे.

शब्दाचे कूळ जरूर शोधावे. माणसाची मात्र कृती पाहावी.