पहारेकरी जागा आहे ना?

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर आपण –
• कार्बन मोनॉक्साइड वायू धोकादायक का आहे, हे सांगू शकाल;
• या वायूची सूचना देणाऱ्या यंत्रातील सेल योग्य रीतीने बदलू शकाल;
• यंत्राच्या निरनिराळ्या आवाजांचा अर्थ ओळखू शकाल.

मूलपाठ

छत्तीसगड राज्याच्या दुर्ग जिल्ह्यातील भिलाई हे पोलादाचे नगर म्हणून ओळखले जाते. सोव्हिएत संघाच्या सहकार्याने येथे उभारलेल्या कारखान्यातील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. झोतभट्टीत वरून लोहखनिज, कोक व चुनखडी टाकतात आणि खालून तप्त हवेचा झोत सोडतात. कोकच्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. हा वायू खनिजातील ऑक्सिजन काढून घेतो आणि लोह मोकळे होते. उरलेला वायू धुऊन स्वच्छ करतात व कारखान्यातच इंधन म्हणून वापरतात. नळीत असेपर्यंत हा वायू माणसाचा सेवक असतो. नळीबाहेर पडला की तो प्राणघातक ठरतो.

१२ जून २०१४ रोजी याच कारखान्यात एक दुर्घटना घडली. पंपघरातील बिघाडामुळे पाण्याचा दाब घटला आणि वायू पाण्याच्या मार्गाने उलट येऊन बाहेर पसरला. सहा जणांना प्राण गमवावे लागले. त्यांत दोन उपमहाव्यवस्थापकही होते. हा वायू पद किंवा अनुभव पाहत नाही. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. माणसाच्या इंद्रियांना त्याची चाहूल लागत नाही.

हा धोका कारखान्यापुरता मर्यादित नाही. इंधनाला पुरेशी हवा मिळाली नाही, की ते अर्धवट जळते आणि हाच वायू निर्माण होतो. थंडीच्या रात्री दारे-खिडक्या लावून पेटवलेली कोळशाची शेगडी, हवा न खेळणाऱ्या न्हाणीघरातील गॅसचा गिझर, बंद जागेत चालवलेले जनरेटर, ही त्याची घरातील उगमस्थाने होत. श्वासावाटे शरीरात गेलेला हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. त्यामुळे शरीराला ऑक्सिजन मिळेनासा होतो. प्रथम डोके दुखते, चक्कर येते, मळमळते. पुढे शुद्ध हरपते. झोपलेल्या माणसाला तर ही लक्षणेही जाणवत नाहीत.

पूर्वी ब्रिटनमधील कोळशाच्या खाणींत कामगार कॅनरी नावाचा लहान पक्षी पिंजऱ्यातून नेत. वायूचा परिणाम त्याच्यावर माणसाच्या आधी होई आणि कामगार सावध होत. आज ते काम सूचक यंत्र करते. त्यातील संवेदक हवेतील वायू ओळखतो आणि भोंगा वाजवतो. पक्ष्याला दाणापाणी द्यावे लागे. यंत्राचे दाणापाणी म्हणजे त्यातील सेल. सेल संपले की पहारेकरी भिंतीवर दिसतो, पण तो झोपलेला असतो.

सेल बदलताना पुढील क्रम पाळावा.

१. यंत्र विजेच्या जोडणीवर चालत असेल, तर प्रथम वीजपुरवठा बंद करावा.
२. झाकण उघडून जुने सेल काढावेत. धन (+) व ऋण (−) या खुणा नीट पाहाव्यात.
३. यंत्राच्या माहितीपत्रकात सांगितलेल्या प्रकारचेच सेल घालावेत. सर्व सेल एकाच वेळी बदलावेत. जुना व नवा यांची सरमिसळ करू नये.
४. झाकण लावून वीजपुरवठा पुन्हा सुरू करावा आणि चाचणीचे बटण दाबून भोंगा ऐकावा. ही चाचणी महिन्यातून एकदा करावी.
५. सेल बदलल्याची तारीख चिठ्ठीवर लिहून यंत्रावर चिकटवावी. वर्षातून एकदा, एखाद्या सणाच्या साफसफाईच्या वेळी, सेल बदलण्याची सवय ठेवावी.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बटण दाबल्यावर भोंगा वाजला, म्हणजे सेल व भोंगा ठीक आहेत एवढेच सिद्ध होते. संवेदकाचे आयुष्य ठरावीक वर्षांचे असते. यंत्राच्या पाठीवर छापलेली मुदत संपली, की सेल नवे असले तरी यंत्रच बदलावे लागते. काही यंत्रांतील बॅटरी काढताच येत नाही. ती संपल्यावरही संपूर्ण यंत्र बदलावे.

यंत्राची भाषाही समजून घ्यावी. बहुतेक यंत्रांत थोड्या थोड्या वेळाने येणारा एकच बारीक आवाज सेल संपत आल्याचे सांगतो. लागोपाठ चार मोठे आवाज, मग थोडा खंड, पुन्हा चार आवाज, असा क्रम सुरू झाला तर वायू पसरला आहे असे समजावे. अशा वेळी आवाज थांबवण्यासाठी सेल काढू नयेत. घरातील सर्वांनी तत्काळ मोकळ्या हवेत यावे, ११२ या क्रमांकावर मदत मागावी आणि कोणाला त्रास होत असल्यास डॉक्टरांना वायूविषयी स्पष्ट सांगावे. घर सुरक्षित असल्याची खात्री होईपर्यंत कोणीही आत जाऊ नये.

यंत्र गप्प आहे म्हणून घर सुरक्षित आहे, असे मानणे ही मोठी चूक ठरते. ते सुरक्षिततेमुळे गप्प आहे की सेल संपल्यामुळे, हे बटण दाबल्यावाचून कळत नाही. शिवाय यंत्र असले तरी बंद खोलीत शेगडी पेटवू नये, हा नियम कायम राहतो. पहारेकरी हाक देतो; दार उघडे ठेवण्याचे काम घरातील माणसांचेच असते.

शब्दार्थ

झोतभट्टी – लोहखनिजापासून लोखंड मिळवण्याची उंच भट्टी
चाहूल – एखादी गोष्ट जवळ आल्याची जाणीव
संवेदक – बदल ओळखणारा यंत्राचा भाग

पाठगत प्रश्न

१. सेलला यंत्राचे ‘दाणापाणी’ का म्हटले आहे?
२. चाचणीच्या बटणाने कोणती गोष्ट कळते आणि कोणती कळत नाही?
३. आपल्या घरात हा वायू कोठे निर्माण होऊ शकेल? पाहणी करून पाच ओळी लिहा.