बोलका चौकोन

तुमच्या दप्तरातील एखादे पाठ्यपुस्तक काढा आणि त्याचे पहिले पान पाहा. तेथे काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक लहानसा चौकोन छापलेला असतो. असाच चौकोन तुम्ही भाजीच्या गाडीवर, किराणा दुकानाच्या गल्ल्याजवळ आणि औषधाच्या खोक्यावरही पाहिला असेल. याला क्यूआर कोड म्हणतात. 'क्विक रिस्पॉन्स' या इंग्रजी शब्दांची ही आद्याक्षरे आहेत. त्यांचा अर्थ झटपट उत्तर.

या चौकोनाचा जन्म जपानमध्ये झाला. तेथे मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या डेन्सो या कंपनीत मालाच्या खोक्यांवर बारकोड लावलेले असत. बारकोड म्हणजे उभ्या रेघांची पट्टी. तिच्यात जेमतेम २० अक्षरे मावत. म्हणून एकाच खोक्यावर अनेक पट्ट्या चिकटवाव्या लागत आणि कामगार त्या एकेक करून वाचताना कंटाळून जात. मासाहिरो हारा या अभियंत्याने यावर उपाय शोधायचे ठरवले. त्याला 'गो' नावाचा पटावरचा खेळ खेळण्याची आवड होती. त्या पटावर काळ्या आणि पांढऱ्या सोंगट्या आडव्या-उभ्या रांगांत मांडतात. ते पाहून त्याला वाटले, माहितीही अशीच आडवी आणि उभी, दोन्ही बाजूंनी का मांडू नये? १९९४ साली क्यूआर कोड तयार झाला. त्यात ७,००० हून अधिक अंक मावू शकतात! कंपनीने आपला हक्क गाजवला नाही, सर्वांना तो मोकळेपणाने वापरू दिला. म्हणूनच तो आज जगभर पसरला आहे.

आता कोडकडे नीट पाहा. त्याच्या तीन कोपऱ्यांत तीन मोठे चौकोन आहेत. चौथा कोपरा मात्र तसा नाही. असे का बरे? तुम्ही उर्दू उजवीकडून डावीकडे वाचता आणि मराठी डावीकडून उजवीकडे. पुस्तक उलटे धरले तर दोन्ही वाचता येणार नाहीत. कोड मात्र आडवा धरा, उलटा धरा, फोन तो वाचतोच. तीन कोपऱ्यांवरून वर कोणते आणि खाली कोणते हे त्याला कळते. कोडवर थोडासा डाग पडला तरी बिघडत नाही. कारखान्यात कागदाला तेल आणि धूळ लागणारच, हे हारा यांना ठाऊक होते. त्यामुळे कोडमध्ये थोडी जास्तीची माहिती भरलेली असते. तिच्या मदतीने पुसलेला भाग पुन्हा जुळवता येतो.

पाठ्यपुस्तकातील कोडची गोष्ट तर आपल्या महाराष्ट्राचीच आहे. रणजितसिंह डिसले हे सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी या लहान गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांच्या पुस्तकांना क्यूआर कोड जोडले. फोन समोर धरला की कविता ऐकू येई, चित्रफीत दिसे. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही असे कोड आले. २०२० साली डिसले सरांना 'ग्लोबल टीचर प्राइझ' हा दहा लाख डॉलरचा पुरस्कार मिळाला. त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. ज्याच्या घरी मराठी बोलली जात नाही, त्याला मराठी कविता कशी म्हणतात हे घरबसल्या ऐकता आले, तर केवढी सोय!

औषधांच्या बाबतीतही या कोडचा उपयोग होतो. ठरावीक ३०० औषधांच्या वेष्टनावर असा कोड किंवा बारकोड छापणे आपल्या देशात १ ऑगस्ट २०२३ पासून सक्तीचे झाले. औषध कोणी बनवले, कधी बनवले आणि कधीपर्यंत चालेल, हे त्यातून समजते.

पण सर्वांत जास्त ओळखीचा आहे तो दुकानातील कोड. २०१६ साली यूपीआय सुरू झाले. त्यानंतर हळूहळू सुट्या पैशांची कटकट कमी झाली. दुकानातील कोडमध्ये पैसे नसतात, फक्त खात्याचा पत्ता असतो. कोड तो पत्ता सांगतो, पण तो पत्ता खरोखर त्याच दुकानदाराचा आहे का, हे कोडला कसे कळणार? २०२५ च्या जानेवारीत मध्य प्रदेशातील खजुराहो येथे चोरट्यांनी रात्री काही दुकानांच्या कोडवर स्वतःचे कोड चिकटवले. ग्राहक पैसे देत राहिले आणि ते भलत्याच खात्यात गेले. फोनवर दुसरेच नाव दिसते आहे, असे एका औषधाच्या दुकानात ग्राहकांनी सांगितले, तेव्हा मालकिणीच्या हे लक्षात आले.

तुमच्या दादीच्या किंवा नानीच्या फोनवरचे इंग्रजी नाव बहुधा तुम्हीच वाचून दाखवत असाल. ते मोठ्याने वाचा. दुकानदार "होय, माझेच" म्हणाला, की मग पिन दाबू द्या. आणि "तुम्हाला पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करून पिन टाका," असे कोणी त्यांना फोनवर सांगत असेल, तर तो फोन लगेच बंद करायला सांगा. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. तो लागतो फक्त पैसे देताना.