ज्याला तिथी नाही

ज्याची मृत्युतिथी ठाऊक नसते, त्याचे श्राद्ध आपल्या आष्टीकडे सर्वपित्री अमावास्येला घालतात. पण ज्याच्या मृत्यूचीच खात्री नाही, त्याचे स्मरण कसे करावे?

५ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानातील शोरकोट रोड विमानतळावरील हल्ल्यात फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे यांचे सुखोई-७ विमान पडले. या बाँबफेकी लढाऊ विमानात आसन एकच. पुढचे सांगायला सोबती नव्हता. पकडलेल्या वैमानिकांत त्यांच्याशी जुळणारे नाव पाकिस्तानी वृत्तपत्रात आले. परंतु परतलेल्या युद्धकैद्यांत ते नव्हते. त्यांच्या पत्नी, राष्ट्रीय बॅडमिंटन विजेत्या दमयंती तांबे, २००७ साली इतर कुटुंबांसह तेथील तुरुंगांत शोध घेऊन आल्या. हाती काही लागले नाही.

हुतात्म्याच्या तसबिरीला हार घालता येतो. बेपत्ता सैनिकाच्या नाही. त्याची चौकशी करीत राहणे, हेच त्याचे स्मरण.