ड्रमवरचे लेबल आणि मोबाईलवरचा आकडा



आपल्यापैकी अनेकजण औद्योगिक वसाहतीतील रासायनिक कारखान्यांत काम करतात. ड्रम उघडण्याआधी त्यावरचे लेबल वाचायचे, हा तिथला पहिला धडा. मात्र घरी आपल्या मुलाच्या मोबाईलवर चाललेल्या खेळाचे लेबल आपण कधी वाचले आहे का?

होय, खेळालाही लेबल असते. गुगल प्ले स्टोअरमध्ये खेळाच्या नावाखाली 3+, 7+, 12+, 16+ किंवा 18+ असा आकडा दिसतो. खेळ सोपा की अवघड, याच्याशी त्याचा संबंध नाही. खेळात मारामारी, रक्तपात, शिवीगाळ, अश्लीलता किती आहे, यावरून तो ठरतो. अमेरिकेत 'मॉर्टल कोम्बॅट' या खेळातील क्रूर दृश्यांवरून मोठा गदारोळ झाला आणि 1994 साली तिथे वयानुसार वर्गवारी सुरू झाली. युरोपात ती 2003 साली आली.

आपल्याकडे हा प्रश्न एका मुलानेच न्यायालयात नेला. 2019 साली 11 वर्षांच्या मुलाने आईमार्फत मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका करून पबजी खेळावर बंदी मागितली. हा खेळ हिंसा आणि आक्रमकता वाढवतो, असे त्याचे म्हणणे होते. पुढे सप्टेंबर 2020 मध्ये बंदी आली, पण ती देशाच्या सुरक्षेच्या कारणावरून. 2021 साली तोच खेळ नव्या नावाने परत आला. 18 वर्षांखालील मुलांसाठी पालकांचा फोन नंबर आणि दिवसाला तीन तासांची मर्यादा, असे नियम त्यात होते. पण दिलेला नंबर खरोखर आईबाबांचाच आहे, हे खेळाला कसे कळणार?

चित्रपटगृहाच्या दारावर निदान तिकीट तपासणारा माणूस उभा असतो. मोबाईलच्या दारावर कोणी नाही. बाबा रात्रपाळीला, आई दिवसभराच्या कामाने थकलेली. अशा वेळी मूल शांत बसावे म्हणून आपणच त्याच्या हाती फोन देतो. त्यात दोष कोणाला द्यावा?

खेळ खेळल्याने मूल गुन्हेगार होते, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने 2020 साली सांगितले की, गंभीर हिंसाचाराशी अशा खेळांचा संबंध जोडण्याइतका पुरावा नाही. पण ओरडणे, ढकलणे अशा आक्रमक वागण्याशी त्यांचा थोडा संबंध दिसतो. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनीही 2007 च्या जागतिक संपर्क दिनाच्या संदेशात, करमणुकीच्या नावाखाली हिंसेचा गौरव करणाऱ्या व्हिडिओ गेम्सचा स्पष्ट निषेध केला होता. त्याच संदेशात त्यांनी, चांगले निवडायला मुलांना शिकवणे ही प्रथम आईवडिलांची जबाबदारी असल्याची आठवण करून दिली.

म्हणून या आठवड्यात आपण तीन गोष्टी करूया. मुलाच्या मोबाईलवरील प्रत्येक खेळाचा आकडा पाहूया. प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये पालक नियंत्रण सुरू करून पिन आपल्याकडेच ठेवूया. आणि एकदा तरी मुलाशेजारी बसून तो काय खेळतो ते पाहूया. फोन हिसकावून घेण्याआधी त्याला विचारूया, "बाळा, यात तुला काय आवडतं?"

लेबल धोका दाखवते. झाकण उघडायचे की नाही, हे ठरवणारा माणूस मात्र जागेवर हजर असावा लागतो.

घरी चर्चेसाठी: आपल्या घरातील कोणत्या खेळाचा आकडा मुलाच्या वयापेक्षा मोठा आहे? त्याबद्दल आपण मुलाशी काय बोलणार?